दोनशे चौदा नंबरच्या खोलीतली शेगडी

शंतनूचं वागणं मला पटलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. ज्या मुलाने कॉलेजची चार वर्षं माझ्यावर पिठलं-भात रटरटवून पोट भरलं, त्याच मुलाने मला एके दिवशी खोक्यात घातलं, वर इंग्रजीत ‘दान’ असं लिहिलं आणि गॅरेजच्या कोपऱ्यात ढकललं. दान म्हणे! मी काय विटलेला स्वेटर आहे?

मित्रांनो, मी एक विजेची शेगडी आहे, आणि वय लपवायची मला सवय नाही. सव्वीस वर्षांची आहे. तीन पाय, पत्र्याचं अंग, मधे पांढऱ्या मातीची चकती, आणि चकतीच्या गोल गोल खाचांत बसवलेली कॉइल. शिकलेली मी नाही. माझ्या अंगावर एक हजार वॅट असं ठोकलंय, तेवढंच मला वाचता येतं; बाकीचं ऐकून कळतं. पण माझ्यावर ठेवलेलं पातेलं कधी कच्चं उतरलं नाही, हे छाती ठोकून सांगते. आणि हो, माझी कॉइल उघडी असते. मोठं माणूस शेजारी नसेल तर माझ्याजवळ फिरकायचं नाही. लाड करून सांगत नाही, दरडावून सांगते.

माझा जन्म मिरजेजवळच्या एका पत्र्याच्या शेडमधला. मिरजेच्या दुकानात आम्ही चाळीस बहिणी एकीवर एक रचलेल्या होतो. शशिकांतने त्यातून मला उचललं. शशिकांत विट्याला वीज मंडळात लाइनमन होता. त्याने मला उलटी केली, स्क्रू हलवून बघितले, कॉइलवरून बोट फिरवलं आणि दुकानदाराला म्हणाला, “ही द्या. हिचा पिळा घट्ट आहे.” असं कौतुक मला पुढे फार कमी वेळा मिळालं, म्हणून ते शब्द मी जपून ठेवलेत.

त्याची बायको सुनेत्रा. चौथीपर्यंत शाळा, पण तिच्यापुढे तलाठ्याचीसुद्धा जीभ अडखळायची. तिने मला पाहिलं आणि म्हणाली, “अहो, घरात गॅस असताना ही सवत कशाला?” शशिकांत हसला. शंतनूला कराडच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता, मेसचं जेवण त्याला सोसत नव्हतं. मी त्याच्यासाठी होते.

हॉस्टेलवर शेगडीला बंदी होती. रेक्टर खोल्या तपासायला आले की शंतनू मला बादलीत टाकायचा आणि वर टॉवेल कोंबायचा. एकदा मी नुकतीच विझले होते. ओल्या टॉवेलातून वाफा निघायला लागल्या. रेक्टर म्हणाले, “हे काय रे?” शंतनूने तोंड कसनुसं केलं. “सर, सर्दी झालीय. वाफ घेतोय.” रेक्टर बिचारे ‘आराम कर’ म्हणून गेले. हा प्रसंग ध्यानात ठेवा. मला तो पुढे फार आठवला.

मुलगा शिकला, अमेरिकेत गेला, एडिसन गावात त्याने घर केलं. मी विट्याला माळ्यावर पडून होते. मग त्याला मुलगी झाली, आन्या. नातीला बघायला निघताना सुनेत्राने मला बॅगेत भरलं, डिंकाचे लाडू आणि मेतकुटाच्या डब्याच्या मधे.

एडिसनला पोचल्यावर तिने मोठ्या ऐटीत मला लावलं. आणि मित्रांनो, मी तापेचना! कॉइल लाल होईना. दूध कोमट झालं आणि तसंच राहिलं. शंतनू म्हणाला, “आई, इथल्या विजेचा दाब निम्मा असतो. इंडियाच्या वस्तू इथे चालत नाहीत. टाकून दे ती.” परक्या देशात, सुनेसमोर, नातीसमोर माझी अशी फजिती! स्वानंदी, म्हणजे सून, चांगली आहे. ती हसली नाही. पण तिचं न हसणं मला जास्त लागलं.

शशिकांतने जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, आपली हत्यारांची पेटी उघडली आणि माझी कॉइल मधोमध तोडली. मला वाटलं संपलं. पण त्याने ते दोन तुकडे शेजारी शेजारी जोडले, म्हणजे वीज दोन्हींतून एकाच वेळी धावेल. वायरला इथला चपट्या पायांचा प्लग लावला. बटण दाबलं आणि मी अशी फुलले, अशी फुलले, की सुनेत्राने आनंदाने दोन्ही हातांची बोटं कानशिलावर मोडून माझी दृष्ट काढली.

नातीला बघायला आलेली ती दोघं तिथेच राहिली, आणि पुढची वर्षं माझ्या भरभराटीची. घरात फोडणी दिली की छताला लावलेला धुराचा भोंगा कोकलायचा, म्हणून सुनेत्रा मला मागच्या डेकवर, म्हणजे उघड्या लाकडी ओट्यावर, घेऊन बसायची. थालीपीठ, भरली वांगी, संक्रांतीला तीळ भाजणं, सगळं माझ्यावर. थंडीत कानटोपी आणि पायात बूट घालून ही बाई माझ्याशी गप्पा मारत पापड भाजायची. शेजारची ईशानची आई वास घेत कुंपणापाशी यायची. “काकू, यू आर किलिंग मी यार!” म्हणायची आणि ताट भरून घेऊन जायची.

शशिकांतचाही जम बसला होता. गावातली मराठी मंडळी भारतातून आणलेले मिक्सर, ग्राइंडर, गणपतीच्या दिव्यांच्या माळा घेऊन त्याच्याकडे यायची. ‘मिक्सरवाले काका’ म्हणायचे त्याला. जेवायला बसला तरी त्याचं लक्ष उघडून ठेवलेल्या मिक्सरकडे असायचं. मग सुनेत्रा ओरडायची, “अहो, ताटात बघा! ती मोटर काही पळून जात नाही!” आणि तो घाईघाईने दोन पोळ्या जास्त खाऊन जायचा.

हे सगळं मोडलं एका मार्च महिन्यात. जिन्यातला दिवा लुकलुकत होता, म्हणून शशिकांतने भिंतीतलं बटण उघडलं. शंतनू तेवढ्यात ऑफिसातून आला. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो अगदी समजुतीने म्हणाला, “बाबा, इथे याला लायसन्स लागतं. उद्या काही झालं तर इन्शुरन्सवाले दारात उभे करणार नाहीत. तुम्ही आता आराम करा. प्लीज, कशालाच हात लावू नका.” दुसऱ्या दिवशी माणूस आला आणि घरातली सगळी बटणं बदलून गेला. आता तिथले दिवे तोंडाने सांगितलं की लागतात. हाताचं कामच उरलं नाही. लोकांनाही शंतनूने नम्रपणे कळवलं, की बाबांना आता त्रास देऊ नका.

हत्यारांची पेटी गॅरेजमध्ये गेली. पाठोपाठ मी. डेकवर गॅसवर भाजायची चकचकीत जाळी आली आणि माझ्या खोक्यावर ते ‘दान’ लिहिलं गेलं.

गॅरेजच्या भिंतीतून मला आतलं ऐकू यायचं. आधी शशिकांतचं गुणगुणणं थांबलं. मग त्याची पावलं थांबली. जुलैत न्यूमोनिया झाला, अकरा दिवस दवाखान्यात होता. बरा होऊन आला, पण भूक तिकडेच कुठेतरी विसरून आला. अर्धी पोळी, मग पाव पोळी, मग चमचाभर वरण. सुनेत्राने काय काय केलं म्हणून सांगू! साजूक तुपातला शिरा, ताकाची कढी, नाचणीची पेज. ताट जसंच्या तसं परत यायचं. मग ती ते सिंकमध्ये ओतायची, आणि ओतताना नळ मोठा सोडायची, म्हणजे तिचा हुंदका कुणाला ऐकू जाणार नाही.

डिसेंबरच्या सुरुवातीला डॉक्टरांनी वजन केलं. एकशे एक पौंड, म्हणजे जेमतेम शेहेचाळीस किलो. ते म्हणाले, पुढच्या सोमवारी परत आणा. आकडा आणखी उतरला असेल तर पोटाला भोक पाडून नळी घालावी लागेल, त्यातूनच अन्न. सोमवारला सहा दिवस होते.

मित्रांनो, इथे मी शंतनूची बाजू सांगते, कारण खोटं बोलणं माझ्या जातीत नाही. त्या मुलाची झोप उडाली होती. डॉक्टर म्हणाले होते, हवापालट करून बघा. त्याने रात्रभर फोनवर शोधून एक हॉटेल काढलं. गाडीने दोन तासांवर, समुद्राकाठी. हंगाम संपलेला, म्हणून मोठी खोली सहज मिळाली. खाणंपिणं सगळं त्यातच धरलेलं, मनगटाला पट्टा बांधला की दिवसभर हवं ते घ्या. “आई, पाच दिवस तू किचनमध्ये पाऊल टाकायचं नाहीस,” तो म्हणाला. “शंभर पदार्थ असतात तिथे. बाबांना त्यातला एक तरी आवडेल.” स्वानंदीला रजा मिळाली नाही. हे चौघे निघणार होते.

निघायच्या सकाळी गॅरेजचा दिवा लागला. सुनेत्रा आली. तिने खोक्यावरचं लिहिलेलं बघितलं. इंग्रजी तिला वाचता येत नाही, पण खोकं कशासाठी आहे ते कळायला इंग्रजी लागत नाही. तिने मला बाहेर काढलं, पदराने पुसलं, जुन्या साडीत गुंडाळलं आणि औषधांच्या पिशवीत तळाशी घातलं. माझ्यावर एक छोटं पातेलं, सांडशी, फोडणीची पळी, आंबेमोहोर तांदूळ, मुगाची डाळ, तूप आणि मेतकूट.

“चल गं,” ती मला म्हणाली. “त्यांचे शंभर आणि आपला एक.”

ते हॉटेल म्हणजे एक नाटक होतं. पांढऱ्या भिंती, निळी दारं, दारात प्लास्टिकच्या लिंबांनी लगडलेली झाडं. सुनेत्राने विचारलं, “ही असली घरं कुठली गं?” आन्या दहा वर्षांची, शाळेत हुशार. ती म्हणाली, “आजी, इट्स मेडिटरेनियन. भूमध्य समुद्र. तो या ओशनच्या त्या साइडला आहे.” म्हणजे समुद्र एक आणि हॉटेल दुसऱ्याच समुद्राचं! बाहेर वारा असा की बाल्कनीतलं लिंबाचं झाड दोरीने कठड्याला बांधून ठेवलं होतं. पोहण्याचा तलाव रिकामा, वर ताडपत्री. एवढ्या मोठ्या इमारतीत जेमतेम वीस माणसं.

आमची खोली दोनशे चौदा. मी कपाटात, पिशवीत. कपाटाचं दार नीट लागत नव्हतं, त्या फटीतून मी तीन दिवस बघितलं. असे दिवस शत्रूवर येऊ नयेत.

शंतनू खाली जायचा आणि दोन्ही हातांत बशा घेऊन यायचा. “बाबा, हे ऑलिव्ह बघा. हा मासा बघा, लिंबू पिळून दिलाय. हे मध घातलेलं गोड. बाबा, एक बाइट.” शशिकांत पलंगावर उशीला टेकून बसलेला असायचा. नाइलाजाने तोंड उघडायचा. घास गालात धरून ठेवायचा, पाच मिनिटं, दहा मिनिटं, आणि मग कागदी रुमालात काढायचा. शंतनू तो रुमाल उचलायचा आणि पुन्हा खाली जायचा. टेबलावर बशा वाढत गेल्या. अन्नाचा ढीग, आणि ढिगासमोर उपाशी माणूस.

दुसऱ्या दिवशी सुनेत्रा स्वतः खाली गेली. तिथल्या आचाऱ्याला तिने हातवारे करून, आन्याला मधे घालून सांगितलं, की मऊ भात पाहिजे, गुरगुट्या. तो भला माणूस होता. त्याने खास करून दिला. खोलीत आणून झाकण काढलं तर भातात चीज, वर अळंबी.

“हे काय रे?” सुनेत्रा म्हणाली.

“रिसोटो आहे, आई. म्हणजे आपला मऊ भातच की.”

“आपला? आपल्या भाताला कधी तारा सुटतात?”

शशिकांतने चमचा ओठाला लावला आणि मान भिंतीकडे वळवली.

तेव्हा शंतनूचा धीर सुटला. “बाबा, तुम्ही ट्रायच करत नाही! सोमवारी नळी घालतील, कळतंय का तुम्हाला?” आणि मग स्वतःच बाल्कनीत जाऊन त्या बांधलेल्या झाडाजवळ पाठमोरा उभा राहिला. आन्या हळूच म्हणाली, “बाबा, डोन्ट येल अॅट हिम.”

शशिकांत नऊ दिवसांत कुणाशी एक शब्द बोलला नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी शंतनू आन्याला घेऊन इमारतीच्या आतल्या पोहायच्या तलावावर गेला. दार बंद झाल्याबरोबर सुनेत्रा नवऱ्याच्या पायाशी बसली. “अहो,” ती म्हणाली, “बावन्न वर्षं तुमच्यापुढे ताट वाढतेय. मीठ कमी पडलं तर तुम्ही बोलला नाहीत, जास्त पडलं तर बोलला नाहीत. आता तरी बोला. काय चुकलं माझं? एक घास घ्या. माझ्यासाठी नको, त्या पोरीसाठी घ्या.” तिने त्याचं मनगट हातात घेतलं. हॉटेलचा पट्टा त्यावर सैल फिरत होता. शेवटच्या भोकात अडकवूनही सैल.

मग ती उठली, कपाटापाशी आली आणि माझ्यासमोर पदराचा बोळा तोंडात कोंबून उभी राहिली. ही बाई मुलासमोर रडत नाही, सुनेसमोर रडत नाही. माझ्यासमोर रडली. थोडाच वेळ. मग नाक पुसलं आणि मला बाहेर काढलं.

तिने मला पलंगाजवळ, गालिचा संपतो तिथल्या फरशीच्या पट्टीवर ठेवलं, प्लग लावला, पातेलं चढवलं. तांदूळ, डाळ, पाणी, चिमूटभर हळद. मी नऊ महिने थंड पडलेली. तरी सगळा जोर लावून तापले. लाल झाले. पाण्याच्या कडेला पहिले बुडबुडे आले. आंबेमोहोराचा वास उठला. सुनेत्रा हात जोडून बघत होती.

आणि कट् झालं. माझी कॉइल तुटली. शशिकांतने जिथे जोड दिला होता, बरोबर तिथेच. एक बाजू विझली, मग ठिणगी उडून दुसरीही. पाणी निवांत झालं.

मित्रांनो, मी कुणाला फसवलेलं नाही आयुष्यात, पण त्या दुपारी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुनेत्राने कपाळावर हात मारून घेतला. “तूपण?” ती मला म्हणाली. “तूपण सोडून चाललीस? तुला आज, याच घटकेला मरायचं होतं?” आणि रागाच्या भरात सांडशी घेऊन माझी तुटलेली कॉइल ओढायला वाकली.

“आधी प्लग काढ.”

आवाज घोगरा होता, गंजल्यासारखा. सुनेत्रा तशीच वाकलेली राहिली.

“प्लग काढ आधी,” शशिकांत पलंगावरून म्हणाला. “हात घालायच्या आधी प्लग. कितीदा सांगितलंय तुला.”

तिने प्लग काढला. तो पाय खाली सोडायला लागला. ती आधार द्यायला धावली तर त्याने हातानेच थांबवलं. हाडं नुसती, पण तो गालिच्यावर उतरला आणि माझ्यासमोर मांडी घालून बसला. “गार होऊ दे तिला.” मी गार होईपर्यंत तो बसून राहिला. नजर माझ्यावरून हलवली नाही. मग बोट फिरवलं, तसंच, जसं मिरजेच्या दुकानात फिरवलं होतं.

“पिळा सैल झालाय. पकड कुठाय माझी?”

पकड गॅरेजमध्ये होती, हे तिने सांगितलं नाही. तिने सांडशी पुढे केली.

“हिने होतंय का?” तो पुटपुटला. पण घेतली. पहिल्यांदा टोक निसटलं. दुसऱ्यांदाही निसटलं. “जळलेली तार ओढायची नाही,” तो म्हणाला, मला की तिला कोण जाणे. “मोडते. हळू पिळायची.” तिसऱ्यांदा टोकं एकमेकांत गुंतली. त्याने पिळा दिला, एक, दोन, तीन, आणि कॉइल खाचेत दाबून बसवली. कपाळावर घाम आला होता. मग तो मागे सरकला. “लाव आता. बाजूला उभी राहून लाव.”

मी पेटले, मित्रांनो. दोन्ही बाजूंनी.

भात शिजेपर्यंत तो जमिनीवरून उठला नाही. पातेल्याचा रटरट आवाज ऐकत बसला, मधेच वाकून माझा जोड लाल दिसतोय का बघत होता. सुनेत्राने भात घोटला, वाडग्यात घेतला, तूप आणि मेतकूट घातलं. त्याच्याकडे न बघता, वाडगा त्याच्या शेजारी ठेवला. त्याची नजर माझ्या जोडावर होती. हात आपोआप वाडग्याकडे गेला.

एक घास. गिळला.

इथे सुनेत्राचं चुकलं. तिथेच थांबायचं होतं. पण आनंद झाला की या बाईचा हात लसणाकडे जातो. तिने खाली जेवायच्या वेळी पदराला बांधून आणलेल्या दोन पाकळ्या आणि एक सुकी मिरची काढली, पळीत तूप तापवलं आणि चर्रकन फोडणी दिली. धूर सरळ छताला गेला.

भोंगा वाजला. एका खोलीचा नाही, सगळ्या हॉटेलचा.

दोन मिनिटांत दार उघडलं. हॉटेलच्या एका दणकट माणसाने प्लग ओढला, टॉवेलने माझा पाय धरला आणि मला उचलून बाहेर नेलं. त्या रिकाम्या तलावाच्या काठावर, चोरीचा माल मांडतात तशी मला मांडली. सगळे पाहुणे बाहेर वाऱ्यात उभे, कुणी झग्यात, कुणी ओल्या केसांनी. शंतनू धावत आला. ओला टॉवेल गळ्यात, पाय अनवाणी. हॉटेलची मॅनेजर बाई त्याच्याशी चढ्या आवाजात बोलत होती आणि तो “सॉरी, आय अॅम सो सॉरी” एवढंच म्हणत होता. तिने सांगितलं, की पाचपर्यंत खोली सोडा. तिचंही खोटं नव्हतं. उघडी कॉइल गालिच्याला लागून लावणं चूकच आहे. मी आग लावू शकले नसते का? लावू शकले असते. मला माझी ताकद माहीत आहे.

त्या दणकट माणसाने कटर काढला आणि माझी वायर कापली. अगदी बुडापाशी.

तेवढ्यात आन्या आजोबांना हॉटेलच्या चाकाच्या खुर्चीत बसवून ढकलत आली. अंगावर दोन ब्लँकेटं, डोक्याला सुनेत्राची शाल, आणि मांडीवर वाडगा. तो वाडगा त्याने कुणाला घेऊ दिला नव्हता. माझ्यापाशी आल्यावर त्याने कापलेल्या वायरकडे पाहिलं.

“अरे, इतक्या जवळून कापतात होय?” तो म्हणाला. “जोडायला वीतभर तरी ठेवायची.” आणि चमचा तोंडात घातला.

“बाबा,” आन्या म्हणाली, “दॅट्स सिक्स. सहा घास खाल्ले आजोबांनी.”

शंतनूने ऐकलं नाही. तो हात जोडत होता त्या मॅनेजर बाईसमोर.

मित्रांनो, सहा घासांनी वजन वाढत नाही. सोमवार यायचाय, काटा काय म्हणेल मला ठाऊक नाही, सुनेत्रालाही नाही. मी वायर तुटून साडीत पडले आहे, आणि माझ्यापुरतं सांगायचं तर मरायला मी घाबरत नाही. पण एक मागणं आहे. तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू असेल तर तिला पुसून, झाकून, कोपऱ्यात ठेवून तिची काळजी घेतली असं समजू नका. तिला कधीतरी लावा. आणि जुनं माणूस असेल, तर त्याच्यापुढे शंभर बशा मांडायच्या आधी त्याच्या हातात काहीतरी द्या. बिघडलेलं घड्याळ द्या, सैल झालेला स्क्रू द्या. मग बघा.

मॅनेजर बाई गेली, तसा शंतनू आईकडे वळला. ओठ थंडीने निळे पडले होते. “आई, काय केलंस तू हे! इथे एवढं सगळं समोर असताना, ही शेगडी? रूममध्ये? तुला कळत कसं नाही, इथे बंदी असते!”

बंदी! बादलीतल्या टॉवेलातून वाफा काढणारा मुलगा हे बोलत होता. मला बोलता आलं असतं तर मीच बोलले असते. पण सुनेत्रा होती. तिने मला साडीत गुंडाळलं, काखेत घेतलं, आणि त्या वाऱ्यात, सगळ्या पाहुण्यांसमोर, अजिबात आवाज न चढवता म्हणाली:

“शंतनू, तू मुलगा वाईट नाहीस. पण तुझ्या घरात तुझ्या बापाला हात लावायला तू एक वस्तू ठेवली नाहीस, आणि वर त्यांना विचारतोस, भूक का लागत नाही. घरी गेलो की त्यांची पेटी गॅरेजमधून तू स्वतः आणायची आणि त्यांच्यापुढे ठेवायची. हिची वायर ते जोडतील. तू नुसता प्लग काढ आणि बाजूला उभा राहा.”